गुरुजी नाही आले?

परवा रात्री जेवताना आई आणि मी एक कॉमेडी शो बघत होतो. स्किट लग्नाचं होतं. भटजी आले: पोटाला उशी, चिकटवलेली शेंडी, तोंडात लाडू आणि दर दुसऱ्या वाक्याला 'दक्षिणा'. मी हळूच आईकडे पाहिलं, कारण गेली बावीस वर्षं ती स्वतःच पौरोहित्य करते. तिचं लक्ष दक्षिणेकडे नव्हतंच.

"अगं, जानवं बघ उजव्या खांद्यावर. अपसव्य! हा लग्न लावतोय का नवऱ्याचं श्राद्ध घालतोय?"

आणि एकटीच हसत सुटली. अख्ख्या स्किटमधला सगळ्यात भारी विनोद तो, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

थट्टेला माझी ना नाही. पण आपल्या कॉमेडीतला भटजी फक्त खातो आणि मागतो, काम करताना कधी दिसतच नाही. खरी गंमत तर कामातच आहे. मंगलाष्टकं चालू असताना फोटोग्राफर आईला म्हणतो, "मॅडम, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." सत्यनारायणाला यजमान विचारतात, "चौथा अध्याय स्किप केला तर चालेल का? केटरर थांबलाय."

नोकरीसाठी दोन वर्षं इंग्लंडमध्ये होते, तेव्हा 'द व्हिकर ऑफ डिब्ली' पाहिली. बीबीसीची जुनी मालिका. मार्च १९९४ मध्ये ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्यांदा ३२ बायकांना धर्मगुरूची दीक्षा दिली, आणि त्याच नोव्हेंबरात ही मालिका सुरू झाली. गावकरी नव्या पाद्रीची वाट बघत बसलेत, दाढीवाला कुणी बुवा येईल म्हणून. दार उघडतं तर समोर जेराल्डीन, म्हणजे अभिनेत्री डॉन फ्रेंच. सगळ्यांचे चेहरे पडतात.

ते बघताना मला आमची आई दिसली. पुण्यात सत्तरच्या दशकापासून बायका पौरोहित्य शिकताहेत, पण अजूनही एखाद्या दारात आईच्या खांद्यावरून मागे जिन्यात डोकावून विचारतात, "गुरुजी नाही आले?"

जेराल्डीनसुद्धा खादाड आहेच. चॉकलेट दिसलं की संपली. पण एका ख्रिसमसला ती एकाच दिवशी घरोघरी जेवत सुटते, ती हावेपोटी नाही. प्रत्येकाने प्रेमाने बोलावलंय आणि तिला कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही. शेवटी बाई अक्षरशः आडवी होते. गणेश चतुर्थीला आई सकाळपासून सहा घरी गणपती बसवते. प्रत्येक घरी, "एक तरी मोदक घ्याच, वर तूप घालते." घरी आल्यावर सोफ्यावर पडून म्हणते, "मला आता जेवणाचं नावसुद्धा काढू नका." लाडू खाणारा भटजी तोच, पण त्याला वाढणारी माणसं दाखवली की विनोद कुठल्या कुठे जातो!

गेल्या रविवारी आईला त्या मालिकेचा एक भाग दाखवला. मी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत होते. बराच वेळ गप्प बघून तिने एकच विचारलं.

"हिला दक्षिणा कोण देतं?"

"चर्चकडून दरमहा मानधन असतं. राहायला घर पण."

"घर?" आईने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्पीकरवर कुणीतरी काका होते, वास्तुशांत करायची होती.

"गुरुजी आहेत का?"

"बोलतेय," आई म्हणाली.