बॉम्बे स्ट्रीट, बेलफास्ट

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा नकाशा चाळताना एका गल्लीच्या नावावर बोट थांबलं. बॉम्बे स्ट्रीट. तिला लागून काश्मीर रोड, जवळच कॉनपोर स्ट्रीट आणि लखनौ स्ट्रीट. साम्राज्याच्या काळात कामगारवस्तीतल्या गल्ल्यांना दिलेली ही नावं अजून तशीच आहेत. बाकी काही बघायला मिळो न मिळो, इथे जायचंच, हे तेव्हाच ठरलं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कुठेतरी लांब जायचं होतं. सकाळी फोन हातात घेतला की गाझा, युक्रेन. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस चालू होते, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर माणसं जे बोलली ते वाचून मला माझीच माणसं ओळखू येईनात. त्याआधी, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या निकालावरून माझं आणि दादाचं भांडण झालं होतं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मला सायकल शिकवणारा. रागाच्या भरात तो काही बोलला, मीही बोलले, आणि मग सव्वा वर्ष आमच्यात एक शब्द नाही.

सप्टेंबरातल्या एका ढगाळ सकाळी मी बॉम्बे स्ट्रीटच्या तोंडाशी उभी होते. लाल विटांची साधी, नीटनेटकी घरं. एका टोकाला छोटी स्मृतिबाग आणि भिंतीवर मृतांची नावं. १५ ऑगस्ट १९६९ ला ही गल्ली जाळली गेली. आपल्या झेंडावंदनाची तारीख. इथे राहणारी कॅथलिक कुटुंबं हाताला लागेल ते घेऊन पळाली. त्यानंतर महिन्याभरातच फॉल्स रोडचे, बहुतेक आयर्लंड एक व्हावं म्हणणारे कॅथलिक आणि शँकिल रोडचे, बहुतेक ब्रिटनसोबतच राहू म्हणणारे प्रोटेस्टंट यांच्यामध्ये ब्रिटिश सैन्याने तात्पुरती म्हणून सीमारेषा आखली. त्या तात्पुरत्या रेषेची आज भिंत झाली आहे. खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्याच्याही वर जाळी.

मला हलवलं ते भिंतीने नाही, परसदारांनी. बॉम्बे स्ट्रीटवरची घरं पुन्हा बांधली तेव्हा त्यांची मागची बाजू थेट भिंतीला भिडली. पलीकडून दगड-बाटल्या येतात म्हणून या परसांवर लोखंडी जाळीचे पिंजरे बसवले आहेत. एका पिंजऱ्यात दोरीवर कपडे वाळत होते. लहान मुलाचा निळा स्वेटर, त्याची एक बाही जाळीला टेकलेली. तिथे मी बराच वेळ उभी राहिले. त्या मुलाला आभाळ चौकटी-चौकटींतूनच दिसत असणार आणि त्याला त्यात काही वेगळं वाटतही नसणार.

भिंतीच्या पलीकडे टॅक्सीवाल्याने नेलं. काळ्या टॅक्सीतून हे भाग दाखवणारे बरेच जण स्वतः त्या संघर्षाच्या काळातून गेलेले असतात. हे काका साठी ओलांडलेले, शँकिलचे. रस्त्यांना जोडणारी लोखंडी फाटकं त्यांनी दाखवली. त्यातली काही आजही रात्री बंद होतात आणि सकाळी उघडतात. २०२३ पर्यंत सगळ्या भिंती पाडायच्या असं सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. ते वर्ष येऊन गेलं, भिंती उभ्याच आहेत. एप्रिल २०२१ मध्ये यातल्याच लॅनार्क वे फाटकापाशी बस जाळली गेली, दोन्हीकडून पेट्रोल बॉम्ब फेकले गेले.

मी विचारलं, मग १९९८ च्या शांतता कराराने मिळवलं काय?

काका गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "माझा एक दोस्त होता, फॉल्सचा. तरुणपणी आम्ही एकमेकांना मारायला निघालेल्या टोळ्यांत होतो. पुढे वीस वर्षं एकत्र धंदा केला. आयर्लंड एक व्हावं की नाही, यावर आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. तो गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला त्याच्या बायकोने मला बोलावलं."

एवढं बोलून त्यांनी मला मार्कर दिला. भिंतीवर येणारे-जाणारे शांततेचे संदेश लिहितात, तुम्हीही लिहा म्हणाले. मला काही लिहवेना. पलीकडच्या बाजूला तो निळा स्वेटर होता.

'पटलं नाही' हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. माझी समजूत अशी होती की आधी मनं जुळतात, मग समेट होतो. इथे तसं झालेलं नाही. १० एप्रिल १९९८ च्या त्या करारात कुणालाही आपली बाजू सोडायला सांगितलेली नाही. इथे जन्मलेल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणावं, ब्रिटिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, तो त्याचा जन्मसिद्ध हक्क, असं त्यात लिहिलं आहे. तीस वर्षांत ३,५०० हून अधिक माणसं गेल्यावर लिहिलेलं हे वाक्य. मे महिन्यात सार्वमत झालं आणि उत्तर आयर्लंडमधल्या ७१ टक्के मतदारांनी हो म्हटलं. १५ ऑगस्टला ओमा गावात बॉम्बस्फोट होऊन २९ जण मेले. करार तरीही टिकला.

दुपारी क्लोनार्डच्या मठात गेले. तो बॉम्बे स्ट्रीटच्या अगदी शेजारी आहे. आत मेणबत्त्यांचा वास, मागच्या बाकावर जपमाळ ओढणाऱ्या दोन बायका. फादर अ‍ॅलेक रीड इथलेच. १९ मार्च १९८८ ला एका अंत्ययात्रेत दोन ब्रिटिश सैनिकांची गाडी शिरली. जमावाने त्यांना ओढून काढलं, मारलं आणि मग एकसंध आयर्लंडसाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांना वाचवायचा प्रयत्न करणारे रीड नंतर एका देहाशेजारी गुडघे टेकून बसले. त्यांच्या ओठांना रक्त लागलेलं आहे, असा फोटो जगभर गेला. त्या वेळी त्यांच्या खिशात एक लिफाफा होता. आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाकडून, हिंसेला विरोध करणारे कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्याकडे जाणारा, गुप्त वाटाघाटींचा कागद. लिफाफ्यावर रक्त सांडलं होतं. रीड यांनी लिफाफा बदलला आणि कागद त्याच दिवशी पोहोचवला.

त्या बाकावर बसून मी त्या लिफाफ्याचाच विचार करत होते. असा दिवस बघितल्यावर मी तर म्हटलं असतं, मरू दे, या लोकांशी काय बोलायचं. त्या माणसाने नवा लिफाफा शोधला. दहा वर्षांनी करार झाला, ह्यूम यांना नोबेल मिळालं. २००५ मध्ये आयआरएची शस्त्रं निकामी केली गेली, तेव्हा साक्षीदार म्हणून रीड होते आणि त्यांच्यासोबत होते हॅरल्ड गुड हे मेथडिस्ट पाद्री. म्हणजे प्रोटेस्टंट, पलीकडच्या बाजूचे.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी स्वयंपाकघरात केरळची एक नर्स भेटली. या भागातल्या हॉस्पिटलांत केरळच्या बऱ्याच मुली आहेत. मी तिच्याहून मोठी, म्हणून ती मला लगेच 'चेची' म्हणायला लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये बेलफास्टमध्ये स्थलांतरितांची दुकानं फोडली आणि जाळली गेली, त्या आठवड्याबद्दल ती हळू आवाजात सांगत होती. रात्रपाळीला जायची भीती वाटायची. खालच्या मजल्यावर राहणारी म्हातारी, जिच्याशी तोवर फक्त 'हाय-हॅलो' होतं, ती पहिल्याच संध्याकाळी कोट चढवून दारात उभी राहिली. बस येईपर्यंत थांब्यावर सोबत थांबायची. चार दिवस थांबली. "काही बोलायची नाही चेची, नुसती पर्स धरून उभी." त्याच आठवड्याच्या शेवटी शहरात हजारो लोक वंशद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरले. ती गेली नाही. तिची ड्युटी होती.

मी विचारलं, आता भीती गेली? ती म्हणाली, नाही. जून २०२५ मध्ये इथल्याच बॅलिमिना गावात स्थलांतरितांची घरं जाळली तेव्हा आईने सारखे फोन करून परत ये म्हटलं. "पण ती म्हातारी विचारते ना, रात्रपाळी कधी आहे तुझी."

दुसऱ्या दिवशी बसने एनिस्किलनला गेले. दोन तासांवरचं पाण्याने वेढलेलं गाव. तिथल्या युद्धस्मारकावर मान खाली घातलेला ब्राँझचा सैनिक आहे आणि त्याच्या पायाशी, खांबाभोवती, अकरा कबुतरं. ८ नोव्हेंबर १९८७ ला, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला जमलेल्या माणसांवर आयआरएच्या बॉम्बने भिंत कोसळवली, त्यात गेलेली ही अकरा माणसं. गॉर्डन विल्सन हा कापडदुकानदार ढिगाऱ्याखाली लेकीचा हात धरून पडला होता. मारी, वीस वर्षांची, नर्स. "डॅडी, माझं तुमच्यावर खूप प्रेम आहे," एवढं बोलून ती गेली. त्याच संध्याकाळी रेडिओशी बोलताना विल्सन म्हणाले की माझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही, वाईट बोलून काही ती परत येणार नाही. हे करणाऱ्यांसाठी मी आज आणि रोज रात्री प्रार्थना करीन.

हे सगळ्यांना पटलं नाही. त्यांच्यावर टीकाही झाली. ज्याचं माणूस गेलं त्याने क्षमा केलीच पाहिजे असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही, आणि क्षमा न करणाऱ्यांचं दुःखही तेवढंच खरं आहे. पण विल्सन तेवढ्यावर थांबले नाहीत. १९९३ मध्ये ते आयआरएच्या लोकांना समोरासमोर भेटले आणि हिंसा थांबवा म्हणाले. ती भेट निष्फळ ठरली, रिकाम्या हातांनी परतले. १९९५ मध्ये ते वारले. करार त्यांनी पाहिला नाही.

स्मारकापाशी पाऊस भुरभुरत होता. एका कबुतराच्या पाठीवर पाण्याचा थेंब होता. मी बोटाने तो पुसला, लगेच दुसरा पडला.

परतीच्या बसमध्ये फोन काढला. दादाचं नाव खूप खाली गेलं होतं, शोधावं लागलं. शेवटचा मेसेज माझाच होता, कडवट. काय लिहू ते सुचेना. मतं माझी बदललेली नाहीत, त्याचीही नसणार. शेवटी लाल विटांवर लावलेल्या 'बॉम्बे स्ट्रीट' या पाटीचा फोटो तेवढा पाठवला.

डंगॅननच्या आसपास त्याचं उत्तर आलं. "हे कुठलं गं?"

बेलफास्ट यायला अजून तासभर होता. मी सांगायला लागले.