बव्हेरियातलं नाटक आणि आमची झाडीपट्टी

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, म्युनिकपासून नव्वदेक किलोमीटरवर ओबरआमरगाऊ नावाचं गाव आहे. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्यांचं, डोंगराच्या कुशीतलं. १६३३ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा गावानं नवस बोलला की देवा यातून सोडव, आम्ही दर दहा वर्षांनी येशूच्या शेवटच्या दिवसांचं नाटक करू, आणि १६३४ पासून हे लोक तो नवस फेडतच आहेत. २०२० चे प्रयोग कोरोनामुळे २०२२ ला गेले, म्हणजे साथीमुळे सुरू झालेलं नाटक साथीनंच अडवलं.

तेव्हा मी जाऊन बघून आलो. पाच तासांचं नाटक, मधे जेवणाची लांबलचक सुट्टी, जर्मन अर्धी डोक्यावरून गेली. पण मी स्टेजपेक्षा माणसंच बघत होतो. स्टेजवर यायचं तर जन्म गावात झालेला पाहिजे नाहीतर वीस वर्षं तिथं राहिलेलं पाहिजे, आणि एक वर्ष आधीपासून केस-दाढी कापायची नाही असा गावाचा फतवाच निघतो (न्हाव्याचं काय होत असेल बाप्पा). अन लग्न झालेल्या किंवा पस्तिशीच्या वरच्या बाईला १९९० पर्यंत काम मिळत नव्हतं, ते कोर्टात गेल्यावर सुटलं. नवस सगळ्या गावाचा, पण अर्ध्या बाया बाहेर, हे मला काही पटलं नाही.

मी वडशाकडचा, सरकारी कागदावर देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं; पूर्व विदर्भातल्या आमच्या या भागालाच झाडीपट्टी म्हणतात. आमच्याकडे दिवाळीनंतर धान निघालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, मग गावोगाव दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री नाटक, दहा-अकराला पडदा उघडतो तो पार उजाडेपर्यंत. घरी पाहुण्यांची ही गर्दी, एका खाटेवर तिघं, आणि पोरगी बघायचं कामही त्यातच उरकतात. आता वडशातल्या कंपन्या नाटक घेऊन येतात, कलावंत ठरलेले असतात, पण गावातली पोरं मिळून स्वतःच नाटक बसवायची तो काळ आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

मला यातलं एकच कोडं वाटतं. दिवसभर ज्याला बांधावर चिखलात पाहिलं तोच रात्री मुकुट घालून आला की लोक पैसे देऊन, थंडीत कुडकुडत, त्याला बघायला का बसतात? ओळखीचा आहे म्हणूनच, असं मला वाटतं. अनोळखी नट रडला तर आपण नाटक बघतो, पण शेजारचा रडला की अख्खं गाव विचार करतं, "ह्याच्या मनात हे कधीपासून होतं?" कलेला फुरसत लागते, पैसा लागतो हे आपण शहरात बसून म्हणतो, इथं धान कापून हात सोललेला माणूस पानभर डायलॉग पाठ करत होता, आणि तिकडं दुकान चालवणारा वर्षभर दाढी वाढवून बसतो.

दिवाळीनंतर आईला फोनवर सांगितलं की तिकडचं नाटक दहा वर्षांतून एकदा, पुढचं २०३० ला. ती म्हणाली, "दहा वर्स? तोवर कोन थांबते रे बाबू, इथं तं याच हप्त्यात तीन गावचे बोलावणे हायेत."

पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, जानेवारीत नागपूरला उतरून वडशाला या. ब्लँकेट मात्र स्वतःचं आणा, आमच्या घरचे सगळे पाहुण्यांनी आधीच घेतलेले असतात.