आमची वाटचाल : ‘चाळीस सुतार पाठवा’

बांधकाम प्रकल्पांना कुशल कारागीर पुरवणे हे आमच्या फर्मचे काम. फर्म सुरू केली तेव्हा मी साइट सुपरवायझर म्हणून बरीच वर्षे काढलेली होती, अनेक मुकादमांशी जुनी ओळख होती, आणि ठेकेदाराने आकडा सांगायचा व आपण तेवढी माणसे उभी करायची, एवढाच हा धंदा आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कार्यालय म्हणजे एक टेबल, एक फोन आणि गवंडी, सुतार, फिटर (सळई बांधणारा), प्लंबर अशा मथळ्यांखाली नावे लिहिलेली एक जाड वही. पहिली दीड वर्षे या वहीवर निभावले, कारण कामे लहान होती आणि माणूस कमी-जास्त झाला तरी साइटवरच सांभाळून घेतले जाई.

मग एका मोठ्या ठेकेदाराकडून ‘चाळीस शटरिंग सुतार पाठवा’ एवढ्याच मजकुराची मागणी आली. शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा. आम्ही पाचव्या दिवशी चाळीस जण करवती, हातोड्या, रंधे यांसह साइटवर हजर केले. प्रत्येक जण प्लायवूड आणि लाकडी बॅटनच्या कामात मुरलेला होता. साइटवर मात्र अॅल्युमिनियम फॉर्मवर्क, म्हणजे तयार पॅनेल जोडून उभा करायचा साचा, उतरवून ठेवलेले होते. या पद्धतीत कापायचे-तासायचे काहीच नसते. प्रत्येक पॅनेलवर क्रमांक असतो, ते नकाशातल्या ठरलेल्या जागी लावून पिन आणि वेजने (पाचरीने) जोडायचे, भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतायचे, आणि नंतर सुटे केलेले पॅनेल स्लॅबमध्ये मुद्दाम सोडलेल्या चौकोनी भोकांतून वरच्या मजल्यावर हातोहात चढवायचे. तिथे सुतारकामातल्या हातोटीपेक्षा जुळणीची शिस्त आणि क्रमांक वाचण्याची सवय जास्त कामाला येते. आमची बहुतेक माणसे आठवड्याच्या आत परत आली. त्यांच्या बुडालेल्या हजेऱ्या आणि परतीचा खर्च आम्ही सोसला, आणि ते योग्यच होते असे मला आजही वाटते. ठेकेदाराने फॉर्मवर्कचा प्रकार सांगितला नाही हे खरे, पण तो विचारणे हे आमचेच काम होते.

त्यानंतर आम्ही मागणीपत्र आल्यावर माणसे शोधण्याआधी कागद मागू लागलो : कामाचा बार चार्ट (कोणते काम कधी, याचा तक्ता), स्लॅबच्या चक्राचे दिवस (एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंत किती), फॉर्मवर्कचा प्रकार, मजल्याची उंची, सळईचे बार बेंडिंग शेड्यूल (कोणत्या व्यासाची सळई किती आणि कशी वाकवायची, याची यादी), कटिंग-बेंडिंग यार्डात होणार की साइटवर, साहित्य वर चढवायला टॉवर क्रेन आहे की नुसता हॉइस्ट (सामान चढवायची लिफ्ट). सुरुवातीला काही ठेकेदार यावर चिडत. ‘माणसे द्या, इंजिनियर आमच्याकडे आहेत’ असे ऐकवणारेही भेटले. पण या कागदांवाचून आकड्याला काही अर्थ राहत नाही, हे सळईच्या कामात सगळ्यांत स्पष्ट दिसते.

बहुतेक मागण्या टनांवर बेतलेल्या असतात. आता ८ मिमीची सळई मीटरला ०.३९५ किलो भरते आणि २५ मिमीची ३.८५ किलो. म्हणजे ८ मिमीच्या एका टनात अडीच हजार मीटरहून जास्त सळई कापायची, वाकवायची आणि तारेने बांधायची असते, तर २५ मिमीच्या एका टनात जेमतेम २६० मीटर. दोन्ही ठिकाणी कागदावर ‘एक टन’च लिहिलेले असते. रिंगा (उभ्या-आडव्या मुख्य सळयांना वेढणारी कडी) आणि पातळ स्लॅबची जाळी जास्त असलेल्या इमारतीला, राफ्टसारख्या (इमारतीखालचा सलग पाया) जाड सळईच्या कामाच्या मानाने, त्याच टनाला कितीतरी जास्त हात लागतात. म्हणून आम्ही व्यासवार वजन मिळाल्याशिवाय फिटरांचा आकडा देत नाही.

तो आकडा निघाल्यावरही गणित संपत नाही. समजा, एका मजल्याला २४ टन सळई आहे, सात दिवसांच्या चक्रात बांधणीला ४ दिवस मिळतात, आणि फिटर व बिगारी मिळून एका जोडीचा दिवसाचा उरक २०० किलो धरला. रोजचे ६ टन म्हणजे ३० जोड्या लागतील. पण एका मजल्याच्या डेकवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर, ६० माणसे एकाच वेळी नीट काम करू शकतील का, आणि उरलेले तीन दिवस ती काय करतील, हे प्रश्न मागणीपत्रात कधीच नसतात. दोन इमारती असतील तर त्यांचे स्लॅब अर्ध्या चक्राच्या अंतराने घ्यावेत असे आम्ही सुचवतो; मग तीच टोळी दोन्हीकडे फिरते, दोन्हीकडे मिळून १२० माणसे लावावी लागत नाहीत आणि कुणी सावलीत बसूनही राहत नाही. एका प्रकल्पात या एका सूचनेने आमचीच मागणी कमी झाली. माझ्या भागीदाराने त्या दिवशी माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरलेलो नाही, पण त्याच ठेकेदाराचे पुढचे तिन्ही प्रकल्प आम्हाला मिळाले.

वही गेली आणि तिच्या जागी परीक्षा आली. कारागिराने सांगितलेल्या वर्षांवर आम्ही आता विसंबत नाही. फिटरला ८ मिमीची सळई, बेंडिंगचा पाटा आणि चावी देतो आणि सांगतो, ‘कॉलम ३०० बाय ४५०, कव्हर ४०, रिंग करून दाखवा.’ मापे मिमीत, आणि कव्हर म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. रिंग बाहेरून २२० बाय ३७० यायला हवी. दोन्ही कर्ण टेपने मोजून बघतो, कारण बाजू बरोबर असूनही रिंग पतंगासारखी तिरकी असू शकते. हूक १३५ अंशांत आत वळलेला आहे का ते पाहतो. भूकंपात बाहेरचे कव्हर निखळले की ९० अंशांचा हूक उघडू शकतो, आत काँक्रीटच्या गाभ्यात रुतलेला सहसा उघडत नाही. एकदा एका वयस्क फिटरने सळईला हात लावण्याआधी विचारले, ‘साहेब, कव्हर रिंगेच्या बाहेरून धरायचं का मुख्य सळईपासून?’ त्यांची परीक्षा तिथेच संपली. आज आमच्याकडे येणाऱ्या फिटरांची परीक्षा तेच घेतात.

वेल्डरच्या बाबतीत कागदही तितकाच पाहावा लागतो. सपाट पट्टीवर उत्तम काम करणारा वेल्डर डोक्यावरच्या जोडात कच्चा असू शकतो, आणि पाइपच्या कामाला ४५ अंशांत तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपवरची ६जी चाचणी मागितली जाते. शिवाय एएसएमई (अमेरिकेतील मेकॅनिकल इंजिनियरांची संस्था) संहितेप्रमाणे चालणाऱ्या कामांत वेल्डर ज्या प्रक्रियेसाठी पात्र ठरला त्या प्रक्रियेने त्याने सहा महिने वेल्डिंग केले नसेल तर त्याची पात्रता संपते. त्यामुळे वेल्डरच्या नावापुढे शेवटचे काम कोणत्या प्रक्रियेने आणि कधी केले याची नोंद आम्ही ठेवतो.

मागणीपत्रांत सर्वांत जास्त वेळा विसरला जाणारा माणूस म्हणजे क्रेनचा सिग्नलमन. ऑपरेटर मागतात, रिगर (क्रेनला भार बांधणारा) मागतात, आणि इशारे द्यायला जो रिकामा दिसेल त्याला उभे करतात. ऑपरेटरने इशारे एकाच ठरलेल्या माणसाचे घ्यायचे, मात्र ‘थांबा’ हा इशारा कुणीही केला तरी पाळायचा, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. तो पाळायचा तर ‘ठरलेला माणूस’ आधी असावा लागतो. सिग्नलमन नसेल तर आम्ही रिगर देत नाही. यावरून दोन कामे हातची गेली आहेत.

टोळ्या न फोडण्याबद्दल आम्ही असेच हट्टी आहोत. वर्षानुवर्षे एकत्र काम केलेल्या बारा जणांमधून ‘चांगले सहा’ निवडून मागितले, तर त्या सहांचा उरक निम्म्याहूनही खाली येतो, कारण कोण धरणार आणि कोण ठोकणार हे न बोलता ठरलेले असते. मुकादमासकट टोळी घ्या, नाही तर नवी टोळी रुळेपर्यंतचे दिवस वेळापत्रकात धरा, असे आम्ही लेखी कळवतो.

सध्या अडते आहे ते शिकाऊंवर. गिलावा आणि फरशीचे चांगले कारागीर वयाने वाढत चालले आहेत, आणि बिगाऱ्याला थापी हातात देण्याइतका वेळ कुठल्याच साइटवर नसतो. म्हणून प्रत्येक चार जोड्यांमागे एक शिकाऊ, त्याची अर्धी हजेरी आमच्याकडून, अशी अट आम्ही नव्या करारांत घालून पाहतो आहोत. काही ठेकेदार मान्य करतात, काही ती ओळ खोडून करार परत पाठवतात. गिलाव्याच्या कामात आतापर्यंत सात शिकाऊ उभे राहिले आहेत. त्यांतल्या दोघांची भिंत मी स्वतः ओळंबा लावून पाहिली, आणि एकाची पुन्हा करायला लावली.