कला-वाणिज्यच्या मुलांना तारे शिकवताना

अमेरिकेत पदवी इतिहासाची असो, संगीताची असो की अकाउंटिंगची, विज्ञानाचा एखाद-दुसरा कोर्स केल्याशिवाय सहसा हातात पडत नाही. पदवीच्या साधारण १२० क्रेडिटपैकी काही 'जनरल एज्युकेशन'साठी राखलेली असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यात प्रयोगशाळाही करावी लागते. फिजिक्स-केमिस्ट्रीला घाबरणारी मुलं मग खगोलशास्त्राकडे वळतात. 'ॲस्ट्रो १०१' हे या कोर्सचं बोलीतलं नाव. देशभरात दर वर्षी अडीच लाखांच्या आसपास मुलं तो घेतात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी तो आयुष्यातला शेवटचा विज्ञानाचा कोर्स असतो.

मी इथे भौतिकशास्त्रात पीएचडी करते आणि टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्यात मदत करणारी) म्हणून या कोर्सच्या लॅब घेते. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा वाटा फुटल्या की पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, अशा व्यवस्थेतून मी आले. त्यामुळे वकील, पत्रकार किंवा शाळेत शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलांना विज्ञान शिकवणं मला फार मोलाचं काम वाटतं.

सुरुवातीचा प्रश्न ठरलेला: उन्हाळा का होतो? बहुतेकांचं उत्तर असतं, पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून. यात मुलांना नावं ठेवायचं कारण नाही. १९८७ साली एका माहितीपटासाठी हार्वर्डच्या पदवीदानाच्या दिवशी २३ जणांना असेच प्रश्न विचारले होते, त्यांत प्राध्यापकही होते. २१ जण चुकले. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत ती १५.२ कोटींवर जाते.

पण आमच्या प्राध्यापक हे लगेच सांगत नाहीत. आधी क्लिकरवर, म्हणजे उत्तर नोंदवायच्या छोट्या रिमोटवर, मतं घेतात, मग शेजाऱ्याशी वाद घालायला लावतात, मग पुन्हा मतं. हार्वर्डच्या एरिक मेझर यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत फिजिक्सच्या वर्गांत रुजवली. त्या दोन-तीन मिनिटांत काय घडतं ते पाहण्यासारखं असतं. नाटक शिकणारी एक मुलगी शेजाऱ्याला म्हणाली, "मग आत्ता ऑस्ट्रेलियात उन्हाळा कसा?" तो गप्प झाला आणि त्याने समोरचा पृथ्वीगोल उचलून दिव्यापुढे तिरका धरला. साडेतेवीस अंशांचा कल त्याला पाठ होता. जो गोलार्ध सूर्याकडे कललेला तिथे उन्हाळा, म्हणजे तो कल कशासाठी लागतो, हे त्याला तेव्हा कळलं.

लॅबमधला माझा सर्वांत आवडता दिवस वर्णपटाचा, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून पाहण्याचा. खोलीत अंधार, समोर वायूच्या चमकत्या नळ्या आणि प्रत्येकाच्या हातात ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची पट्टी. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. हायड्रोजनच्या लाल, निळसर-हिरव्या, जांभळ्या रेषा दिसल्या की वर्गात आपोआप कुजबुज सुरू होते. त्यानंतर मी हेलियमची नळी लावते आणि आंध्रातल्या गुंटूरची गोष्ट सांगते. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी तिथून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात खगोलशास्त्रज्ञ लॉक्यर यांनी इंग्लंडमधून सूर्याच्या कडेवरची एक पिवळी रेषा टिपली, ती सोडियमच्या रेषांशी जुळेना. ती एका नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची होती. हेलियम पृथ्वीवर हाती लागला थेट १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्याकडे. (आपल्या विजयदुर्गाचं नावही यात घेतलं जातं, पण लॉक्यर तिथे आले ते १८९८च्या ग्रहणासाठी.) 'सूर्य कशाचा बनलाय हे तिथे न जाता कसं कळलं?' याचं उत्तर मुलांच्या डोळ्यांसमोर असतं, कारण तीच पिवळी रेषा त्यांना दिसत असते.

गणित कमी म्हणजे विज्ञान पातळ, असं इथल्याही काही लोकांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई, एवढं एक नातं नीट समजलं तरी विद्यार्थी फार लांब पोचतो. खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये सेफाइड ताऱ्यांचा (ज्यांचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं) आवर्तकाळ आणि तेज यांचा संबंध मांडला. म्हणजे आवर्तकाळावरून खरं तेज कळतं आणि ते किती मंद दिसतं यावरून अंतर. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबल यांना देवयानी (अँड्रोमेडा) नावाच्या आकाशातल्या धूसर ठिपक्यात असा तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा वेगळा प्रचंड समूह आहे हे सिद्ध झालं. हा सगळा तर्क संगीताच्या विद्यार्थ्याला पेलतो, मी पाहिलंय.

माझी तक्रार वेगळी आहे. पंधरा आठवड्यांत बुधापासून महास्फोटापर्यंत सगळं उरकायचा हट्ट. त्यात नावं पाठ होतात आणि 'हे कशावरून?' हा प्रश्न मागे पडतो. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही पदवीला दुसऱ्या शाखेचे विषय घेता येऊ लागलेत. असा कोर्स आखणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की निम्मा अभ्यासक्रम गाळा, पण प्रयोग गाळू नका. पाठ्यपुस्तकाचा खर्चही अडवणार नाही: राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या संकेतस्थळावर खगोलशास्त्राचं पूर्ण पुस्तक इंग्रजीत फुकट मिळतं.

आणि एका स्वाध्यायाला तर काहीच साधन लागत नाही. महिनाभर चंद्र पाहायचा. दिवस, वेळ, दिशा आणि आकार लिहायचा, क्षितिजापासूनची उंची हात लांब करून मुठीने मोजायची. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे मुलांना आधी सांगू नका, त्यांच्या वहीतून ते निघतं.