रेग्युलर स्पॅनिश क्रियापदं, आठवडा १४: डबा, दोन फासे आणि एक अवग्रह

पहिल्या आठवड्यात ५० पैकी २१ रूपं बरोबर आली होती, काल रात्री ४३. मध्ये दोन आठवडे लग्नसराईत डब्याला हातसुद्धा लावला नाही त्यामुळे एकदा २९ वर घसरले पण होते, तरी एकंदर गाडी पुढे चाललीये म्हणून म्हटलं यावेळी जरा सविस्तर लिहूया.

नवीन मंडळींसाठी पद्धत परत सांगते. एक जुना स्टीलचा डबा, त्यात ३० चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक क्रियापद, सगळी रेग्युलर, म्हणजे नियमाने चालणारी. सेर, इर, तेनेर ही वाकडी मंडळी मुद्दाम बाहेर ठेवलीयेत, त्यांची पाळी नंतर. मुलाच्या ल्यूडोमधले दोन फासे ढापलेत, पहिला फासा पुरुष (मी, तू, तो वगैरे) सांगतो आणि दुसरा काळ. फाशाला सहा बाजू आणि स्पॅनिशच्या तक्त्यात सहा खाने, जणू त्याच्यासाठीच बनवलाय. चिठ्ठी काढायची, फासे टाकायचे, दहा सेकंदात रूप मोठ्याने म्हणायचं, मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही. पाच पडला की 'बोसोत्रोस', म्हणजे तुम्ही सगळे, ते स्पेनमध्ये चालतं, मी शिकतेय मेक्सिकोचं स्पॅनिश आणि तिकडे सगळ्या घोळक्याला 'उस्तेदेस'च म्हणतात, म्हणून पाच पडला की परत टाकते. स्पेनप्रेमींनी रागावू नये.

क्रियापदांचे तीन गट तर सगळ्यांना माहितीच आहेत, शेवट आर, एर किंवा इर. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर खाणं, बिबिर राहणं. शेपूट काढायचं आणि नवीन लावायचं, आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लान. एवढं सोपं असून मला आधीचे सहा महिने का जमलं नाही ह्याचं उत्तर मला आत्ता कुठे सापडलंय, मी सगळं इंग्रजीतून शिकत होते. इंग्रजीत 'तू बोलतोस' आणि 'आम्ही बोलतो' ह्यात क्रियापदाला काही फरकच नाही, मग डोकं ते शेपूट ऐकतच नाही, सगळा भार सर्वनामावर. मी पण प्रत्येक वाक्यात 'यो, यो' करायचे. माझ्या माएस्त्रा, म्हणजे शिक्षिका (मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या आहेत, शाळेत शिकवायच्या, आता रिटायर्ड, दर रविवारी आमच्या सकाळी ८ ला बोलतो तेव्हा त्यांच्याकडे शनिवारची रात्र साडेआठ) एकदा हसत म्हणाल्या की तू सारखी मी मी का करतेस. मराठीत मी असं कधी बोलले असते का? 'येतेय गं, पोचले की फोन करते' ह्यात मी कुठाय? क्रियापदातच आहे. तसंच तिकडे.

त्या दिवसापासून इंग्रजी तक्ता फाडला आणि वही मराठीत सुरू केली. आणि मग काय काय दिसायला लागलं! त्यांचं 'तु' आणि आपलं 'तू' तर ऐकायला एकच. पुढे बघा, आपल्याकडे तू म्हटलं की शेवटी स येतो, बोलतेस, बोललीस, बोलायचीस, बोलावंस. त्यांच्याकडे पण आब्लास, आब्लाबास, आब्लाराऽस, आब्लेस. खूप लांबचे नातेवाईक आहोत शेवटी. गंमत म्हणजे दोघांकडेही हा स एका काळात दगा देतो. त्यांचा साध्या भूतकाळात, 'आब्लास्ते', शेवटी स नाही, आणि आपला भविष्यकाळात, 'बोलशील', तिथे तो श होऊन आत सरकलाय. तिकडे बरेच लोक बोलताना 'आब्लास्तेस' म्हणून स चिकटवतात आणि शिक्षक मंडळी डोक्याला हात लावतात, माएस्त्रा पण लावतात. मी तीच चूक केली तेव्हा मला मनातून उगाच बरं वाटलं, निदान लोकलसारखी तरी चुकले.

'उस्तेद' (एकाच माणसाला आदराने 'तुम्ही') ला तृतीय पुरुषाचं रूप का लागतं हे कोडं पण असंच सुटलं. मूळ 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे हुजूर टाइप काहीतरी, ते घासून घासून उस्तेद झालं. मग आपलं ऐतिहासिक नाटक आठवा, 'महाराजांनी आत यावं', समोर उभ्या माणसाशीच बोलतोय पण क्रियापद त्रयस्थाचं. झालं, परत कधी चुकले नाही.

आता जिथे आपली मराठी अजिबात मदत करत नाही ती जागा. जोर. ह्यावर माझे चार आठवडे गेलेत, त्यामुळे ह्यावर जास्त लिहिणार. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला ह्याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान त्यासाठी तयारच नाहीत. स्पॅनिशमध्ये सगळा खेळ तिथे. 'आब्लो' पहिल्या अक्षरावर जोर, मी बोलते. तेच शेवटी जोर दिला की तो बोलला. वहीत मी शेवटच्या जोराला अवग्रह लावते, आब्लोऽ. अवग्रह म्हणजे लांबवायची खूण, खरं तर लांबवायचं नसतं, ठणकावायचं असतं, पण मला दुसरं चिन्ह सुचलं नाही आणि डोळ्याला पटकन दिसतं. आता हे बघा. आब्ले म्हणजे बोला (उस्तेदला सांगताना), आब्लेऽ म्हणजे मी बोलले. आब्लारा म्हणजे बोलली असती तर मधलं ते बोलणं, आणि आब्लाराऽ म्हणजे ती बोलेल. अक्षरं तीच, एक घडलंच नाही आणि एक घडणार आहे!

सातव्या आठवड्यातला किस्सा सांगते. माएस्त्रांनी विचारलं सकाळपासून काय केलंस, मला सांगायचं होतं मी कॉफी घेतली. तोमार क्रियापद, सरळ, रेग्युलर, मी आत्मविश्वासाने म्हटलं 'तोमे काफेऽ'. त्या एक क्षण थांबल्या, मग म्हणाल्या ग्रासियास (धन्यवाद), आणि समोरचा कप उचलून घोट घेतला. (त्यांचं रात्रीचं हलकं खाणं चालू होतं, कॉफी आणि पान दुल्से, म्हणजे गोड पाव. पान, पाव, ते पण एकाच घरातले, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला.) मला कळेना काय झालं. तोमेऽ म्हणायचं होतं, मी 'तोमे' म्हटलं, म्हणजे 'घ्या, कॉफी घ्या'. आग्रह केला मी त्यांना, नाशिकमधून. त्यानंतर मी फाशांचा नियम बदलला, रूप बरोबर पण जोर चुकला तर शून्य. स्कोअर धाडकन पडला, पण आत्ताचे ४३ ह्या कडक नियमाचे आहेत हे लक्षात घ्या.

उपाय म्हणाल तर टाळी. जिथे जोर तिथे टाळी वाजवायची. घरच्यांना वाटतं आरती चाललीये. पण खरंच फरक पडला, आब्लामोसला टाळी मध्ये, आब्लारोनला मध्ये, आब्लोऽ ला शेवटी, हाताला आधी कळतं आणि जिभेला नंतर.

भविष्यकाळ मला सगळ्यात भीती होती आणि तोच सगळ्यात सोपा निघाला. इथे शेपूट काढायचंच नाही, अख्खं क्रियापद ठेवायचं आणि मागे जोडायचं, आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेमोस, आब्लाराऽन. तिन्ही गटांना एकच शेपटं. आता 'आबेर' ह्या सहायक क्रियापदाचा वर्तमानकाळ म्हणून बघा, ए, आस, आ, एमोस, आन. अरे हीच तर शेपटं! रोमन लिपीत तिथे सुरुवातीला एक मुका ह असतो म्हणून पुस्तकात बघून कधी लक्षातच आलं नव्हतं, देवनागरीत लिहिलं आणि उघडं पडलं. मूळ रचना 'बोलणं आहे मला' अशी, ती चिकटून एक शब्द झाला, आपलं 'बोलायचं आहे' चं 'बोलायचंय' होतं तसं. मला वाटलं मी मोठाच शोध लावला, पण नेब्रिखा नावाच्या व्याकरणकाराने त्याच्या १४९२ च्या कास्तेयानो (म्हणजे स्पॅनिशच) व्याकरणात हे लिहून ठेवलंय म्हणे. म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी. असो. 'बोललो असतो' टाइप वाक्यांना लागणारं रूप पण असंच, अख्ख्या क्रियापदाला ईआ जोडायचं, आब्लारीआ, आब्लारीआस. त्यावर एक रविवार पुरला. रोजच्या बोलण्यात मात्र 'बोइ आ आब्लार' जास्त ऐकू येतं, आपलं 'बोलणारे' सारखं.

देवनागरीचा दुसरा फायदा आणि लगेच तोटा. पुस्तकात बुस्कार (शोधणं), पागार (पैसे देणं, हो, आपला पगार पोर्तुगीजांकडून आलाय तो ह्याचाच भाऊ) आणि येगार (पोचणं) ह्यांना साध्या भूतकाळात स्पेलिंग बदलणारी म्हणून वेगळं बसवतात. माझ्या वहीत बुस्केऽ, पागेऽ, येगेऽ, काहीच बदललं नाही, सगळी सभ्य. कारण बदलतं ते फक्त स्पेलिंग, उच्चार वाचवण्यासाठी, त्यांच्याकडे सी पुढे ए आला की त्याचा स होतो, मग क टिकवायला क्यू यू आणावं लागतं. आणि जी पुढे ए आला की त्याचा घशातला ख, म्हणून मध्ये मुका यू घालतात. हे कळल्यावर मी खूश, बोलताना एकदाही अडले नाही, आणि मग माएस्त्रांना मेसेज लिहिला तर सगळीकडे चुका. मी शोधलं लिहिलं ते त्यांनी 'बुसेऽ' वाचलं, पोचले चं 'येखेऽ'. त्यामुळे आता चिठ्ठीच्या मागे रोमन स्पेलिंग पण लिहिते. देवनागरी कानासाठी, रोमन हातासाठी.

आता 'जायचो' आणि 'गेलो', हे दोन भूतकाळ. हा आपला हुकमी एक्का असायला हवा होता, कारण मराठीत 'खायचे' आणि 'खाल्ला' ह्यात कधी कोणी गोंधळत नाही. लहानपणी आजोळी आंबे खायचे, कोमीआ मान्गोस. काल एक आंबा खाल्ला, कोमीऽ उन मान्गो. अगदी फिट. 'खात होते' ला पण कोमीआच, म्हणजे आपल्या दोन रूपांना त्यांचं एक, अजून सोपं. आर गटाला आबा, बाकी दोन्ही गटांना ईआ, आणि अख्ख्या भाषेत इथे वाकडी क्रियापदं फक्त तीन, सेर, इर, बेर. सगळ्यात गुणी काळ.

पण फसले, आणि ते पण मराठीमुळेच. 'मी पुण्यात दहा वर्षं राहत होते' हे आपलं किती साधं वाक्य, म्हणून मी म्हटलं बिबीआ. चूक! दहा वर्षं म्हटलं, मोजलं, संपलं, की तिकडे साधा भूतकाळ, बिबीऽ दिएस आन्योस एन पुने. 'राहिले' म्हणायचं. मुदत दिसली की कुंपण घालायचं असं मी वहीत लिहून ठेवलंय, तरी दर तीनातल्या एका वेळेला सुटतंच.

मराठीने फसवलेली अजून एक जागा. 'आबेर' लावून होणारा काळ, ए कोमिदो, म्हणजे खाल्लंय. मला सांगायचं होतं मी एक तोर्तिया खाल्लीये, तोर्तिया स्त्रीलिंगी, आणि आपल्याला सवय काय, पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, फळ खाल्लं, क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. म्हणून मी म्हटलं 'ए कोमिदा'. आबेरबरोबर ते कायम ओच राहतं, तोर्तिया असो की आंबा असो. ह्यात इंग्रजी शिकलेल्यांची चूक होणार नाही, आपलीच होणार. शिवाय माएस्त्रांचं म्हणणं की मेक्सिकोत एवढ्यासाठी कोणी हा काळ वापरत नाही, सरळ कोमीऽ म्हण. माद्रिदवाले जेवलास का ला 'आस कोमिदो' म्हणतील, मेक्सिकोवाले 'या कोमिस्ते'. आपण पण जेवलीस का च म्हणतो की. मी मेक्सिको निवडला ते बरंच झालं.

सबखुंक्तिबो (आपल्या 'खावंस' सारखं रूप) सुरू केलंय, फाशावर सहा पडला की तेच. स्वरांची अदलाबदल, आर गटाला ए, एर आणि इर ला आ. सगळे ह्याला घाबरवतात पण 'तू खावंस असं मला वाटतं' हे मराठीत रोज म्हणणाऱ्याला 'क्येरो के कोमास' मध्ये घाबरण्यासारखं काय आहे? रूपं येतात, कधी वापरायचं ते अजून अर्धवट. पुढच्या वेळी लिहीन.

परवाच्या रविवारी माएस्त्रांनी विचारलं, या देसायुनास्ते? नाश्ता झाला का. आणि मी फासे नाहीत, टाळी नाही, विचार पण नाही, पटकन, सीऽ, देसायुनेऽ पोहे. जोर जिथल्या तिथे. त्यांनी विचारलं पोहे म्हणजे काय आणि मी तांदळापर्यंत आले, चपटे पण हाताने दाखवले, पण भिजवतात हे काही केल्या सांगता येईना, पाण्यात टाकतात, थांबतात, काढतात असं करत बसले. शेवटी त्याच म्हणाल्या, आऽ, रेमोखार.

आर गट, रेग्युलर. डब्यात ३१ वी चिठ्ठी टाकलीये.