अस्थिकलश घडवताना

न्यू जर्सीत मी सिरॅमिकची भांडी करते. अस्थिकलशाचं काम पहिल्यांदा आलं ते ओळखीतल्या एका काकूंकडून. काका गेले, दहन झालं, फ्युनरल होमने राख पिशवीत भरून प्लास्टिकच्या डब्यात दिली. मुलाला तो डबा बघवेना.

आपल्याकडे सावडायला जातात तेव्हा वेचलेल्या अस्थी लहानशा मडक्यात मावतात. इकडे उरलेली हाडं यंत्रात दळतात, त्यामुळे हाती येते ती जाडसर वाळूसारखी राख, आणि भरपूर. धंद्यातला ठोकताळा असा, की वजनाच्या दर पौंडामागे एक घन इंच जागा धरायची. काका १६० पौंडांचे, म्हणजे साधारण २.६ लिटर. पण माझी स्टोनवेअरची माती वाळून, भाजून १२ टक्के आटते, आणि तेही लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून. आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने घटतं. म्हणून चाकावर चार लिटरचा कलश उचलला.

तोंड मुद्दाम रुंद ठेवलं. निमुळत्या मानेचे कलश प्रदर्शनात शोभतात. पण राख भरणाऱ्याचा हात थरथरत असतो, त्याने काय नरसाळं घेऊन बसायचं? झाकण कलशावर ठेवूनच भाजलं, म्हणजे दोन्ही एकत्र आटतात आणि बसतंही नेमकं. टेकण्याच्या कडेला अ‍ॅल्युमिना मिसळलेलं मेण लावलं, चिकटू नये म्हणून.

खरा वाद ग्लेझवरून, म्हणजे भांड्यावर चढवायच्या काचेसारख्या लेपावरून झाला. हाडांच्या राखेत कॅल्शियम फॉस्फेट असतं, ते ग्लेझमध्ये चालतं; बोन चायनाच्या मातीतही जनावरांच्या हाडांची राख असतेच. मुलाने कुठेतरी वाचलं होतं, त्याला वडिलांची चिमूटभर राख ग्लेझमध्ये हवी होती. काकू ताडकन म्हणाल्या, "अगं, अस्थी पाण्यातच जायला हव्यात. भांड्याला कसल्या फासतेस!" मला काकूंचं पटलं. मधला मार्ग निघाला तो त्यांच्या शेकोटीतून. काकांनीच फोडून ठेवलेल्या मेपलच्या ओंडक्यांची राख मागवली, हातमोजे घालून धुतली (ओली राख कातडी खाते), चाळली आणि निम्मी राख, निम्मी माती असं ग्लेझ केलं. १२८० अंशांच्या आसपास ते वितळून मधासारख्या पिवळट-तपकिरी ओघळांनी खाली उतरलं. राखेचं ग्लेझ फार वाहतं, म्हणून खालची तीन बोटं कोरी सोडली होती.

एवढं करून कलश घरात येईना. "अस्थी घरात ठेवत नाहीत," काकू ठाम. गावी मडकं फडक्यात बांधून झाडाला टांगतात, इथे कुठे टांगणार? शेवटी गॅरेजमध्ये फळी ठोकली. गॅरेज म्हणजे घर नव्हे, हा निर्णय काकूंचाच.

नाशिकला मात्र कलश गेला नाही. जाड सिरॅमिकमधून एक्स-रे नीट आरपार जात नाही, आणि विमानतळावरचे तपासनीस अस्थिकलश उघडत नाहीत. रामकुंडात सोडायची राख लाकडी पेटीतून, मृत्यूच्या आणि दहनाच्या दाखल्यासह केबिन बॅगेत नेली.

थोडा भाग मुलाला इथल्या समुद्रात सोडायचा होता. काकांना मासेमारीचा नाद. त्यासाठी दुसरा, छोटा कलश केला, न भाजलेला. शाडूच्या गणपतीसारखाच तो विरघळतो, फक्त माती पुरती वाळलेली हवी. बादलीत तुकडे टाकून पाहिले: कोरडा तुकडा बुडबुडे सोडत चुऱ्यासारखा बसला, किंचित ओलसर होता तो तसाच पडून राहिला. म्हणून तो कलश मंद भट्टीत शंभर अंशांच्या खाली नीट सुकवून दिला. इथल्या नियमाप्रमाणे किनाऱ्यापासून निदान तीन सागरी मैल आत जावं लागतं आणि ३० दिवसांत ईपीएला, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण खात्याला, कळवावं लागतं. मुलाने बोटीवरून उतरल्या उतरल्या ते फोनवरूनच उरकून टाकलं.