पन्हाळ्याच्या रस्त्यावर वेग शिकताना

लेकीनं अकरावीला सायन्स घेतलं आणि घरात फिजिक्स शिरलं. मी कॉमर्सवाला. तिच्या व्याख्या पाठ होत्या, गणितंही सुटायची, पण अर्थ लागत नव्हता. ते मला बघवेना, म्हणून तिच्यासोबत मीही बसू लागलो.

सुरुवात ओळखीच्या रस्त्यानं केली. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण २० किलोमीटर. जाताना ताशी २०, येताना ताशी ४० धरलं. सरासरी चाल ३० असं कुणीही पटकन म्हणेल. पण जायला एक तास, यायला अर्धा. ४० किलोमीटरला दीड तास लागला, म्हणजे ताशी २६.७ च्या आसपास. आणि सरासरी वेग? शून्य! निघालो तिथंच परतलो, विस्थापनच (सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ अंतर) नाही.

"एवढं पेट्रोल जाळलं की आपण, मग वेग शून्य कसा, पप्पा?"

फार चांगला प्रश्न. पेट्रोल कापलेल्या रस्त्यावर जळतं. सरासरी वेग त्या रस्त्याकडे बघतच नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सरळ रेषा, तिची दिशा आणि लागलेला वेळ, एवढंच त्याला हवं. वाघबीळ घाटात काटा ३० वर स्थिर धरला तरी प्रत्येक वळणावर वेग बदलतो, कारण दिशा बदलते. तिथं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर असतो, ते गाडीत बसलेल्याला अंगावर जाणवतं.

खरा कस लागला तो तात्कालिक, म्हणजे एका क्षणाच्या वेगात. एका क्षणात अंतर कापलं जात नाही, मग वेग कसला? आम्ही वहीत सरळ रेषेतली एक गती घेतली: t सेकंदांत t² मीटर. २ ते ३ सेकंदांत सरासरी वेग ५. २ ते २.१ मध्ये ४.१. २ ते २.०१ मध्ये ४.०१. पुढं ४.००१. वेळ आकसत गेला तसा आकडा ४ ला भिडत गेला. बरोबर दुसऱ्या सेकंदाला वेग ४ मीटर प्रतिसेकंद, हे तिनं स्वतः सांगितलं. पुस्तकातली 'सीमा' मला तेव्हा पटली. माझ्या मते अवकलन, म्हणजे असा क्षणाचा दर काढायची रीत, शिकवण्याआधी प्रत्येक मुलाला हे आकडे हातानं काढायला लावावेत.

सापेक्ष वेग त्यामानानं सोपा गेला. ५० नं जाणाऱ्या एसटीला ६० नं ओलांडणारी गाडी एसटीतल्या माणसाला १० नंच पुढं सरकताना दिसते. समोरून आली तर ११०. पृथ्वीच्या अक्षाच्या सापेक्ष बघितलं तर कोल्हापूर स्वतःच ताशी साधारण १६०० किलोमीटरनं पूर्वेकडं फिरतंय. हे ऐकल्यावर तिनं लगेच विचारलं, मग मुंबईचा आकडा किती? अक्षांश जास्त, म्हणून थोडा कमी. तो तिचा तिनं काढला.